आडनावासकट केक

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम. रविवारी फोन तुम्ही मध्येच ठेवलात आणि त्यानंतर उचललाही नाहीत, म्हणून शेवटी कागद घेतला. तुम्ही जन्मभर मास्तरकी केलीत; हाती आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत तपासल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही. तेव्हा चष्मा लावून बसा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका खुशाल काढा, माझी काही हरकत नाही. मुद्द्याला मात्र हात लावू देणार नाही. मुद्दा एकच आहे: केकच्या बॉक्सवर माझं पूर्ण नाव राहणार, आडनावासकट.

आधी खुशाली. मी बरी आहे, ओव्हन बरा आहे, परभणीची लाइट बरी नाही. मंगळवारी ऐन भाजणीत ती गेली आणि अर्धा फुगलेला केक फतकल मारून बसला. मग पुन्हा जुना कुकर काढला. शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला मीठ पसरायचं आणि मंद गॅसवर ठेवायचं, आपल्या राणीसावरगावच्या घरात करायचे तसंच. आईला सांगा, ज्वारीच्या पिठाचा केक आता भुगा होत नाही. अर्धी कणीक घालते, अंड्याऐवजी दही आणि सोडा, साखरेऐवजी किसलेला गूळ. कोको मात्र आधी उकळत्या पाण्यात फेटून घेते. कोरडा घातला तर गुठळ्या होतात आणि नुसता रंग येतो. पाणी पडलं की त्याचा खरा वास सुटतो, आणि शेजारच्या रेणुकाताई खिडकीतून विचारतात, आज कुणाचा वाढदिवस गं?

त्या बिनसाखरेच्या कोकोचा पहिला डबा मी घरी आणला होता, आठवतो ना? अन्नतंत्राच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टी संपवून मी हॉस्टेलला परत गेले आणि डबा फडताळात राहिला. आईला वाटलं, दुधात घालायची पावडर. रोज सकाळी तिनं तुमच्या दुधात दोन-दोन चमचे घातले, आणि 'पावडरीत साखर असतीच की' म्हणून वरून साखर टाकली नाही. तुम्ही नऊ दिवस ते प्यायलात. तक्रार नाही, तोंड वाकडं करणं नाही. दहाव्या दिवशी मी घरी आले, तुमच्या कपातला एक घोट घेतला आणि पळत मोरीकडे गेले. तुम्ही म्हणालात, "मला वाटलं, असंच असतंय." आम्ही दोघी पोट धरून हसलो, तुम्हीही हसलात. आता मात्र ती गोष्ट आठवली की मला हसू येत नाही. समोर येईल ते गुपचूप पिऊन टाकायची सवय तुम्हाला कधी लागली, बाबा?

कारण आधी तुम्ही असे नव्हता. मानवतजवळच्या गावात पहिली नेमणूक झाली आणि तुम्ही खोली बघायला गेलात. घरमालकानं नाव विचारलं, गाव विचारलं, चहा पाजला आणि सगळं पसंत पडल्यावर आडनाव विचारलं. तुम्ही सांगितलंत. खोली तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तरी दिलेली निघाली. शाळेतल्या एका गुरुजींनी तुम्हाला आधीच सुचवलं होतं, नुसतं रंगनाथ गुरुजी म्हणा, पुढचं कोण बघायलंय. तुम्ही ऐकलं नाहीत. दोन वर्षं मानवतहून सायकल मारलीत, अकरा किलोमीटर जायला, अकरा यायला, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की सायकल खांद्यावर. ही गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितलीत की पुढचं वाक्य मीच आधी म्हणायचे. मी वाढले ती भाकरीवर आणि या गोष्टीवर.

आता वैजयंतीचं सांगते, ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. ती कॉलेजातली माझी मैत्रीण, मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याच्या घरात दिलेली. तिच्या सासूबाई, गौराबाई, कडक शाकाहारी. अंड्याच्या भीतीनं त्यांनी आयुष्यात कधी केकला हात लावला नव्हता. माझा केक बिनअंड्याचा म्हणून वैजयंती नेऊ लागली आणि म्हातारीला त्याची अशी गोडी लागली की दर महिन्याला काही ना काही निमित्त निघायचं. 'त्या पोरीच्या हाताला चव हाय,' असं त्या पाहुण्यांना सांगायच्या. दोन वर्षं असं चाललं. मग मी रीतसर अन्न नोंदणी केली, बॉक्सवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता लावणं आलं, म्हणून मी लेबल चिकटवलं. दुसऱ्या दिवशी वैजयंतीचा फोन. "सुके, लेबल तेवढं काढून देत जा ना. मला काय न्हाई गं, पण आमच्या घरात तुला माहितीये." मी लेबल काढलं नाही. गौराबाईंच्या पंच्याहत्तरीचा तीन किलोचा केक रद्द झाला.

मग ती स्वतः आली. माझ्या ओट्याशी उभी राहून केकच्या कापलेल्या कडा तिनं चवीनं खाल्ल्या, डोळे पुसले आणि म्हणाली, मी इथं येऊन खात जाईन, घरी न्यायला तेवढं सांगू नकोस. मी म्हटलं, तू खा, कधीही ये, ताटलीही तुलाच धुवायला लावणार नाही. पण माझ्या दारातून केक बाहेर जाईल तो माझ्या बॉक्समधूनच. ती रिकाम्या हातानं गेली. त्याच आठवड्यात तिच्या गल्लीतून आणखी चार फोन आले. कुणाला अचानक साखरेचा आजार निघाला, तर एका पोराचा म्हणे वाढदिवसच रद्द झाला. वाढदिवस कसा रद्द करतात ते मला अजून कळलेलं नाही. हेही सांगते की त्याच गल्लीतल्या दोन घरांनी लेबल वाचून, नाव घेऊन मुद्दाम ऑर्डर दिली. सगळं जग एका मापाचं नाही.

यातलं निम्मं मी तुम्हाला रविवारी सांगितलं ते तुम्ही माझ्या बाजूनं चिडाल म्हणून. तुमच्या जुन्या विद्यार्थ्याच्या, पप्पूच्या छापखान्यात नवे बॉक्स टाकलेत, आता लेबलही नको, नाव थेट बॉक्सवरच, हेही मी उड्या मारत सांगितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आडनाव कशाला टाकायलीस? लोक केक खायलेत, आडनाव न्हाई. एस. आर. टाक, नियमालाबी चालतंय." मी सायकलची आठवण दिली. तुम्ही म्हणालात, "माझा पगार सरकार देत होतं, सुके. खोली न्हाई दिली तरी पगार कुणाच्या बापाला थांबवता येत नव्हता. तुझं पोट गिऱ्हाइकाच्या मर्जीवर हाय." मी म्हटलं, मग दोन वर्षं सायकल खांद्यावर कशाला वागवलीत? तेव्हा तुम्ही फोन ठेवलात.

तुमचं म्हणणं खोटं नाही. पीठ चाळताना, कोको फेटताना चार दिवस मी तेच घोळवत होते. गिऱ्हाईक तुटलं तर मला महिन्याअखेरीला सरकार काही देणार नाही. पण लोक आडनाव खात नसतील, तर ते वाचून त्यांचा घास का अडतो? त्यांच्या घशाचं औषध माझ्याकडे नाही, आणि ते शोधणं माझं कामही नाही. माझं काम केक चांगला करणं, तो मी करते. आज मी आडनाव झाकलं, तर उद्या कुणी ऑर्डर द्यायला येणार म्हणून भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो आत नेऊन ठेवायचा का? परवा तुम्ही आणि आई आलात, की गिऱ्हाईक जाईपर्यंत तुम्हाला आतल्या खोलीत बसवायचं का? सांगा ना. चार ऑर्डरी गेल्या तर मी चार नवी घरं शोधीन. मला मेहनतीची भीती कधीच नव्हती.

काल नवे बॉक्स आले. तीनशे बॉक्स, आणि प्रत्येकावर नुसतं 'एस. आर. होम केक्स'. मी तणतणत पप्पूकडे गेले. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "ताई, गुरुजी स्वतः आलते सोमवारी. तुमाला सांगू नको म्हणले." त्यानं मला तो नमुन्याचा कागद दाखवला. तुमचंच वळणदार अक्षर. म्हणजे तुम्ही पहिल्या एसटीनं निघालात, गंगाखेडला गाडी बदललीत, छापखान्यात उभं राहून माझ्या नावावर काट मारलीत आणि परत गेलात. तिथून माझं घर चालत दहा मिनिटं. पोरीच्या घरचं पाणीही न पिता गेलात, कारण तिच्या तोंडाकडे बघवलं नसतं तुम्हाला. नाव खोडल्याचा मला राग आला, बाबा, पण रडले मी या दहा मिनिटांसाठी. ते तीनशे बॉक्स मी घेतले नाहीत. नवे छापायला टाकलेत, अक्षरं दुप्पट मोठी, आणि मधोमध तुमचं नाव. पप्पूला बजावून ठेवलंय, गुरुजी पुन्हा आले तर चहा पाज, पण नमुना दाखवू नकोस. हे पत्र उद्या सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देते आहे. रविवारी आईला घेऊन या. तुम्ही माझ्या दारावरून परत गेलात हे मला एकदाच सहन होईल, दुसऱ्यांदा नाही. घर सापडलं नाही, अशी सबब चालणार नाही. स्टँडवरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला माझं नाव विचारा. पण पूर्ण विचारा, आणि मोठ्यानं विचारा.

तुमचीच,
सुकेशनी रंगनाथ वाव्हळे