वस्तीवरची केबल

आप्पा, आमच्या दौंडच्या घरात इंटरनेट घ्यायचं ठरलंय आणि त्यावरून मी आठ दिवस घरात कुणाशी धड बोललेले नाही. इंटरनेट म्हणजे काय ते तुम्हाला समजावत बसत नाही. टीव्हीचाच धाकटा भाऊ समजा, फक्त ह्याला आपणही उलट विचारू शकतो. तुमच्या नातीला बारावीनंतरचे फॉर्म भरायचेत, ते आता त्याच्यावरच भरतात. त्यासाठी ती स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसते आणि मला ते पसंत नाही. आपल्या आधी त्या खुर्चीत कोण बसलं होतं आणि आपल्यानंतर बसणारा आपलं काय वाचणार, ह्याची खात्री कोण देणार? म्हणून घरीच घ्यायचं. पण कुणाकडून? टेलिफोन ऑफिसात गेले. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमच्या गल्लीत अजून पोर्ट नाही. नाव लिहून ठेवतो." पोर्ट म्हणजे काय ते त्यांनी बिचाऱ्यांनी तीनदा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा मला ती थाप वाटली. राहिला केबलवाला. आणि दौंडच्या ह्या भागातला केबलवाला कोण, तर आपल्याच गावचा, सोसायटीच्या चेअरमनचा पुतण्या. दहा वर्षांत त्याची वायर नदी ओलांडून माझ्या दारापर्यंत आली आहे. "जिथं एकच दुकान असतं तिथं गिऱ्हाईक नसतं, प्रजा असते," हे वाक्य मी किती सभांत टाळ्या घेऊन म्हटलं असेल. आता त्याच दुकानाच्या पायरीवर मी उभी आहे.

तो पहिल्यांदा वस्तीवर आला ती गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती, आणि सांगताना तुम्हाला बरं वाटत होतं, तेच मला खुपलं. आपली वस्ती कालव्याच्या चारीच्या पलीकडं, गावठाणापासून लांब. आजोबांपर्यंत मेंढरांमागं कोकणात उतरणारी माणसं आपण. ऊस लावून एका जागी बसणारे तुम्ही पहिले. मांडवगणच्या बाजारात तुम्हाला सगळे रामराम घालायचे, पण चेअरमनच्या घरचं कुणी आपल्या बाजेवर बसून चहा प्यायलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि हा पोरगा प्यायला म्हणे, दोन कप. तोवर आपल्याकडं बांबूवरचा अँटेना होता. एकजण छपरावर चढून तो फिरवणार, "आलं का?" असं ओरडणार आणि खालून सगळी वस्ती म्हणणार, "मुंग्या हायत, मुंग्या!" मग एका रविवारी मी आले तर टीव्हीवर चित्र काचेसारखं स्वच्छ.

"किती घेतो?" मी विचारलं.

"लोकांकडनं घेतो. आपल्याकडनं न्हाई."

"का? आपण काय त्याचे पाहुणे?"

"वायर आपल्या लिंबावरनं गेलीया न्हवं. मंग?"

"आप्पा, लिंबाच्या फांदीसाठी ते घर कुणाला फुकट काही देत नाही. आणखी काय कबूल केलंत?"

तुम्ही टीव्हीकडं बघत राहिलात. "तुला समद्याच ताटात खडा दिसतो बाय," एवढंच म्हणालात. मी मनात गाठ मारली. वर्षभरावर सोसायटीची निवडणूक होती. वायर घरात येते तेव्हा मत घराबाहेर जातं, असं मला वाटलं. वाचलेली सगळी पुस्तकं माझ्या बाजूनं होती. सत्ता दार फोडून येत नाही, ती चहा प्यायला येते, हे मी त्या पुस्तकांतूनच शिकले होते.

निवडणूक लागली आणि वस्तीनं पहिल्यांदा स्वतःचं पॅनेल उभं केलं. माहेरवाशीण असून मी त्यांची मुलुखमैदान तोफ झाले. कॉलेजातले तास संपवायचे, दुपारची एसटी धरायची, देवळासमोर बोलायचं, पाचच्या गाडीनं परत. एकदा तुम्ही मला विहिरीपाशी थांबवलंत. हातातलं खोरं बांधावर टेकवलंत आणि माझ्याकडं न बघता बोललात. "तू बोलतीस, टाळ्या घेतीस आन् पाचच्या गाडीत बसतीस. आमाला हितंच ऱ्हायाचंय. चारीचं पाणी कुणाच्या हातात हाय, म्हाईत हाय न्हवं?" मी म्हणाले, "पाणी त्यांच्या बापाचं नाही." तुम्ही म्हणालात, "पाण्याला बाप नसतो, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला असतो." मी घड्याळ बघितलं.

केबलवाल्याचं एक लोकल चॅनल होतं. लग्नं, कुस्त्या, कीर्तनं असं सगळं कॅसेटवर घेऊन तो संध्याकाळी दाखवायचा. निवडणुकीत दोन्ही बाजूंच्या सभा दाखवीन असं त्यानं चारचौघांत सांगितलं होतं. बुधवारी सातला चेअरमनची सभा लागली, गुरुवारी सातला माझी लागणार होती. मी फाट्यावरच्या फोनच्या दुकानात निरोप ठेवून तुम्हाला फोनवर बोलावून घेतलं. "उद्या सात वाजता लावा, आप्पा." "लावतो की," तुम्ही म्हणालात. आणि शुक्रवारी कळलं की गावठाणात माझं भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसलं, वस्तीवर मात्र सातच्या आधीपासून नुसत्या मुंग्या. चेअरमन मात्र आदल्या दिवशी वस्तीच्या घराघरांत मिशीच्या केसासकट स्वच्छ दिसला होता. आता सांगा, डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं ह्यातून काय अर्थ काढावा?

मी जो काढला तो शनिवारी शाळेच्या पटांगणात सगळ्यांसमोर मांडला. अजून मला ते पटांगण दिसतं. केबलवाला कडेला फाटकाशी उभा आहे, पांढरा शर्ट, हातात हेल्मेट. तुम्ही तिसऱ्या रांगेत. मी त्याच्याकडं बोट करते आणि म्हणते, "गावठाणाला दोन्ही बाजू ऐकायचा हक्क आणि वस्तीनं एकच बाजू ऐकायची? आमची मेंढरं हाकली तशी माणसं हाकायची, हाच तुमचा बेत ना? सांगा दादा, आमच्या वस्तीची वायर कुणाच्या हुकमावरून बंद झाली?" मागून शिट्ट्या, आरोळ्या. "बोल की रं! आता का दातखीळ बसली?" असं कुणीतरी ओरडतं. तो एकदा, एकदाच, तिसऱ्या रांगेकडं बघतो. मग खाली मान घालून म्हणतो, "लाईन गेली आसंल ताई. माजी चूक हाय." मला वाटलं, चोर सापडला. सभेनं तर तोच निकाल दिला. त्या दुपारीच वस्तीवरच्या तरण्या पोरांनी लिंबावरची वायर तोडून चारीत टाकली, आणि त्यानं ती पुन्हा कधीच जोडली नाही. एसटीच्या थांब्यावर तुम्ही मला सोडायला आलात. गाडी येईपर्यंत आपण दोघंही रस्त्याकडं बघत होतो. "बोललीस चांगलं," तुम्ही म्हणालात. तुमच्या तोंडून मला मिळालेली तेवढी एकच शाबासकी, आणि ती मी पुढं कितीतरी वर्षं मिरवली.

निवडणूक आपण हरलो. वस्तीवर पुन्हा बांबू उभे राहिले. चार वर्षांनी तुम्ही गेलात. तुम्ही गेलात तेव्हा घरात तुमच्यासमोर मुंग्यांचाच टीव्ही होता आणि मी त्याला स्वाभिमान म्हणत होते.

परवा रविवारी तो फॉर्म घेऊन घरी आला. केस पिकलेत, चालताना एका पायावर भार टाकतो. मी दारातच प्रश्न सुरू केले. तक्रार कुठं करायची, लाईट गेल्यावर काय, आम्ही काय बघतो त्याची नोंद तुमच्याकडं राहते का. "अगं, त्याला आत तर येऊ दे," हे म्हणाले. तो बसला. माझं संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, आजून तशाच हायसा. एक विचारू? वस्तीचा बूस्टर कुठं बशिवला हुता, ठावं हाय का?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"आप्पांच्या हिरीवरल्या मोटारीच्या खोलीत. गावातनं येईपतोर चित्राचा जोर कमी व्हायचा, म्हणून मधी बूस्टर लागायचा. त्याला लाईट पायजे. आप्पा म्हणाले, माज्या खोलीतनं घे. म्हणून तुमचं कनेक्शन फुकट हुतं. मीच त्यांना सांगितलं हुतं, मोटर चालू करायची झाली की आदी बूस्टरची पिन काडा, न्हायतर जळंल."

"आणि त्या गुरुवारी?" मी विचारलं.

"त्या गुरवारी बी पिनच काडलेली हुती. शुक्रवारी सकाळी मी जाऊन बघितलं. वायर शाबूत, बूस्टर शाबूत, पिन भायेर."

"मग शनिवारी बोलला का नाहीत? भर सभेत मी तुम्हाला चोर ठरवलं."

"आप्पा फुडं बसलेले. लेकीच्या सभेत बापाचं नाव घिऊ व्हय? येवडा वंगाळ न्हाई मी." मग जरा हसून म्हणाला, "चेअरमनकाकांनी शिव्या घातल्या ते निराळंच. म्हणाले, तुज्यामुळं फुकट नाव गेलं."

खरं सांगते आप्पा, माझ्या मनात पहिला विचार आला तो लाजेचा नव्हता. मला वाटलं, हा आजच हे का सांगतोय? फॉर्म हातात असताना? गेलेला माणूस साक्षीला येत नाही, त्याच्या नावावर काहीही खपतं. तो गेल्यावर मी हे बोलूनही दाखवलं, तर तुमचे जावई इतकंच म्हणाले, "दहा वर्षं त्यानं हे कनेक्शन विकायसाठी जपून ठेवलं होतं का?" तुमच्या नातीच्या फॉर्मची मुदत चार दिवसांवर होती. मी सही केली. सही करताना चारही पानं वाचली, ही सवय काही जात नाही.

पण तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. मोटारीला लागणारी शेतीची थ्री फेज लाईट तेव्हा एक आठवडा दिवसा असायची आणि एक आठवडा संध्याकाळी सहाच्या पुढं. तो आठवडा संध्याकाळचा असेल, तर सातच्या आधी तुम्ही नियमाप्रमाणं पिन काढलीत, मोटार सुरू केलीत, उसाला पाण्याची दारं धरायला गेलात आणि पिन परत लावायची विसरलात. म्हातारा माणूस विसरतो. पण तो आठवडा दिवसाचा असेल, तर त्या वेळी मोटार चालूच होऊ शकत नव्हती. मग तुम्ही त्या खोलीत गेलात ते फक्त पिन काढायला. मी फोन करून वेळ सांगितली होती. मग वस्तीनं माझं ऐकू नये हे कुणा चेअरमननं नाही, तुम्ही ठरवलंत, आणि दोन दिवसांनी तिसऱ्या रांगेत बसून माझ्या तोंडून त्याची शिक्षा दुसऱ्याला होताना बघितलीत. भीतीनं? की मी चुकतेय असं वाटून? की मी पाचच्या गाडीत बसल्यावर मागं उरणाऱ्यांसाठी?

हे कळायला अवघड नाही. माझ्या चुलतभावाचा ऊस तुमच्या बांधाला लागून, मोटारही त्याच लाईनवर. त्या आठवड्यात त्यानं पाणी कधी दिलं हे त्याला नक्की आठवत असणार, कारण शनिवारी तोडलेली ती वायर उसाला पाणी द्यायला जाताना चारीतून त्यानंच बाहेर काढली होती. आयुष्यभर मी लोकांकडं पुरावा मागत आले. काल दुपारी मी त्याला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला त्यानं उचलला. "बोल अक्का, काय म्हंतीस?"

मी त्याला ऊस कसा आहे ते विचारलं, पोरांची चौकशी केली, आणि फोन ठेवला.