घरासोबत जाणाऱ्या वस्तूंची यादी

१ ऑक्टोबर १९७४, मंगळवार

पोचले एकदाची! बसने गावाच्या टोकाला सोडलं, पुढचा मैलभर बॅग घेऊन चिखल तुडवला. पण थ्रॉक्सटन हॉल दिसला आणि पायांची कुरकुर थांबली. लाल विटांचं अडीचशे वर्षांचं घर, मागे नव्वद एकर कुरण, बारा घोड्यांचा तबेला. घोडा मात्र एकही नाही. सगळं विकायला काढलंय. घरविक्रीचे दलाल मिस्टर ऑर्ड यांनी मला चार आठवड्यांसाठी ठेवलं आहे. प्रत्येक वस्तू यादीत लिहायची, जी घरासोबत नव्या मालकाला जाणार तिला हिरवी चिठ्ठी लावायची, जी उचलून न्यायची तिला लाल. तीस वर्षं लिलावघरात हेच केलं, डोळे मिटून करीन.

इथे माझ्याशिवाय फक्त घोड्यांची निगा राखणारा म्हातारा साईस, एझ्रा टफनेल. त्याने थंड मटण, पाव आणि व्हिनेगरमधले कांदे पुढे ठेवले. म्हणाला, "पटापट खा बाई, नाहीतर कांद्यालाही चिठ्ठी लावाल."

माझ्या खोलीत खिडकीला ऐसपैस लाकडी कट्टा आहे, उजेड सुंदर. तिथेच बसून लिहिते आहे. महिनाअखेरीस माझी मुलगी रोझलिन बाळंत होईल. २६ तारखेला मी कायमची तिच्याकडे लीड्सला जाणार. वसंतात माझे यजमान सिरिल गेले तेव्हापासून माझ्या आत काही हलत नाही, रडूसुद्धा आलं नाही. नातवंड मांडीवर आलं की हलेल, याच आशेवर आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

मिस्टर ऑर्ड येऊन नियम सांगून गेले. स्क्रूने बसवलेलं ते घराचं, नुसतं ठेवलेलं ते जुन्या मालकाचं. शंका आली तर हलवून बघायचं, हलवताना घराला इजा झाली तर ते घराचंच. मी तो नियम त्यांच्या जन्माआधीपासून जाणते, पण ऐकून घेतलं. पगार देणाऱ्याला शहाणपण शिकवू नये.

दुपारी जेवणघरातली एक खुर्ची उचलायला गेले. ना स्क्रू, ना खिळा, तरी जागची हलेना. जोर लावला तर छताचा गिलावा डोक्यावर पडला. एझ्रा दारातून हसला. "बसून बसून बसली ती, बाई. या घरात फार वेळ बसलं की असंच होतं." मी केस झटकले आणि खुर्चीला हिरवी चिठ्ठी लावली.

९ ऑक्टोबर, बुधवार

एका खणात मागच्या विक्रीची यादी सापडली, १९२१ सालची. अक्षर झकास. तबेल्याच्या पानावर खोगिरं बारा, लगाम चोवीस, पाण्याची दगडी टाकी एक, साईस एक.

एझ्राला विचारलं. तो साईस म्हणजे तोच, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. फाटकापर्यंत जाता येतं, म्हणाला, पुढे पाऊल टाकलं की तबेल्याची भिंत तडकते. त्याने दोन तडे दाखवले. एक बहिणीच्या लग्नाचा, एक आईच्या मयताचा. दोन्ही वेळी अर्ध्यातून परतला. भिंत पडली असती तर आपलं काय झालं असतं, हे बघायची त्याची छाती झाली नाही. हे सगळं त्याने बटाटे सोलता सोलता सांगितलं. म्हातारा थापाड्या आहे. शेवटी म्हणाला, "एका जागी फार बसू नका, बाई."

१४ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर कट्ट्यावर बसून यादी उतरवली. चहा मांडीवर सांडला, वाफाळता. कपडा ओला दिसला म्हणून कळलं. कातडी लाल झाली, दुखलं नाही. घाबरायला हवं होतं. खरं सांगते, बरंच वाटलं. इतके महिने मन बधिर होतं, आता शरीरही त्याच्या जोडीला आलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

रोझलिनच्या नवऱ्याचा, नॉर्मनचा फोन. बाळ लवकर आलं. मुलगा! नाव सिरिल ठेवणार. मी नाचायला हवं होतं. "बरं झालं," एवढंच म्हणाले. माझ्याच आवाजाची मला लाज वाटली. यादी गेली खड्ड्यात, उद्या दुपारच्या बसने निघते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

निघाले होते. फाटकाबाहेर दहा पावलं गेले आणि मागे धाडकन आवाज झाला. माझ्या खोलीची भिंत खिडकीपासून छतापर्यंत उलली होती. एझ्रा ओरडत होता, वळू नका, बाई, चालत राहा, पडू दे घर!

आणि मी वळले. नुकसान दिसलं की आधी लिहायचं, मग बाकीचं. तीस वर्षांची सवय. तडा मोजायला आत आले, लिहायला कट्ट्यावर टेकले. दोनच मिनिटं.

बस गेली.

२० ऑक्टोबर

उठता येत नाही. दुखत नाही. एझ्रा चमच्याने चहा पाजतो. त्याला बसायला तीन वर्षं लागली, मला तीन आठवडे. "घर आता सरावलंय," म्हणाला. पुढच्याला तेवढेही लागणार नाहीत. तो रडत होता. मी नाही.

२३ ऑक्टोबर

मिस्टर ऑर्ड गिऱ्हाईक घेऊन आले. मी नमस्कार केला. त्यांनी माझा खांदा जरा हलवून बघितला, वर छताकडे पाहिलं, आणि हिरवी चिठ्ठी लावली. गिऱ्हाईक बाईंना खोली आवडली.

२५ ऑक्टोबर

जीभ हलत नाही. उजवा हात तेवढा—

रोझलिनचा फोन आला होता. एझ्राने बजावलं, येऊ नका. ती म्हणाली, माझ्या आईला न्यायला मी येणार नाही तर कोण येणार. बाळाला घेऊन. उद्या.

२६

गाडी. एझ्रा फाटकात आडवा उभा होता. नॉर्मन त्याच्याशी भांडतोय. ती पळत आत आली.

आई, चल, म्हणते. एका हाताने ओढते. दुसऱ्या हातावर बाळ. गिलावा पडतोय.

मी लिहिलं, बाळाला खाली ठेवू नकोस, वही तिच्याकडे वळवली. डोळे भरलेत तिचे, वाचत नाही— दोन्ही हात मोकळे हवेत तिला—

ठेवलं. माझ्याशेजारी. कट्ट्यावर.

ओढतेय. दमली. नॉर्मनला बोलावते, म्हणाली. बाळाला उचलायला वाकली—

वरून धूळ पडली. थोडीच. तिने वर बघितलं. पुन्हा वाकली, आता जोर ला—