उपवासाचा खाडा

मंगळवार, ४ नोव्हेंबर
नवी डॉक्टर! शाहपुऱ्यातला आमच्या सक्सेना डॉक्टरांचा दवाखाना दिवाळीत बंद झाला, ते मुलीकडे इंदूरला गेले. मग इथेच घराजवळ, मिसरोदला जावं लागलं. पोरगी बरी आहे, पण घाईची. दंडाला पट्टा बांधला, आकडा बघून भुवया वर. “आंटी, गोली रोज लेती हैं?” “हो तर! रोज!” मी काय खोटं बोलते? जेवणानंतर एक, इतकी वर्षं. तिने बीपीची गोळी दुप्पट करून दिली.

सक्सेना डॉक्टर आधी गप्पा मारायचे. “भाभीजी, आज कौनसा व्रत है?” इथून सुरुवात. तेव्हा वाटायचं, किती बोलतात हे!

गुरुवार, ६ नोव्हेंबर
ओट्यापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. पातेलं हातातून सुटलं. ह्यांनी धरलं म्हणून, नाहीतर कपाळमोक्षच होता. फार घाबरले मी. ह्यांनाही घाम फुटला — त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला, आणि सांभाळायचं कुणी कुणाला!

शुक्रवार, ७
परत अंधारी. आज पलंगावर होते, म्हणून बरं.

शनिवार, ८ नोव्हेंबर — संकष्टी
सक्सेना डॉक्टरांना फोन केला. पहिला प्रश्न तोच — आज कौनसा व्रत है? म्हटलं, चतुर्थी. “और गोली?” म्हटलं, गोळी दुपारच्या जेवणानंतरची, आणि आज दुपारी जेवणच नाही. उपवासाला मी घेतच नाही. त्याचा काय खाडा धरतात का!

डॉक्टर हसले नाहीत. “व्रत पूछकर ही तो मैं आपका बीपी समझता था. कितना समझाया, आप मानी नहीं.” म्हणजे मंगळवारी आकडा चढला तो सोमवारच्या उपवासाला गोळी चुकली म्हणून! आणि त्यावर ही दुप्पट गोळी. “पहले उस डॉक्टर को सच बताइए, भाभीजी.” त्यांचा रागच आला. मग स्वतःचा आला.

सोमवार, १० नोव्हेंबर
सकाळी जाऊन सगळं सांगितलं. पोरीने नीट ऐकून घेतलं, मध्ये एकदाही फोन पाहिला नाही. गोळी पुन्हा पहिल्याइतकी केली. पण उपवासालाही घ्यायचीच, भगर खाऊन. “भगवान बुरा नहीं मानेंगे, आंटी.” आवडली मला.

त्याच दिवशी, दुपारी
ह्यांना पोळीभाजी वाढली. मी भगर खाल्ली, गोळी तोंडात टाकली. हे बघतच राहिले. “आज आहे का गोळी?”

म्हटलं, असं काय विचारता?

“अगं वसुधा, तू घेतेस तेव्हा मी माझी हृदयाची घेतो. उपवासाला तुझी सुट्टी, म्हणून माझीही.”

स्टेंट बसवल्यापासून!

दवाखाना आता संध्याकाळीच उघडेल. मी आत्ताच साडी बदलून बसले आहे.