रानटी नंबर चार

२ मार्च, शनिवार
नातीच्या शाळेतल्या पहिल्या निसर्गतासाची खरी किंमत: दुपारची एक झोप, नवी टोपी आणि घरच्या मंडळींचं अर्धा तास हसणं. बाईंनी पालकसभेत विचारलं होतं, मुलांना वसंतातली झाडं, रानफुलं, तण निरखायला कोण शिकवेल? सगळे चपला शोधायला लागले. मी हात वर केला. चाळीस वर्षं लाकडाची वखार चालवली. डोळे बांधा, फळी वासावर ओळखतो. झाड मला काय शिकवणार, आणि बाई तरी काय! चार शनिवारांत पोरं तयार करतो.
तणाचा विषय दोन मिनिटांत संपवला. सांगितलं, चाळीस वर्षांत वखारीत गवताची काडी उगवू दिली नाही. वर्ग गार. एका चिमुरडीने विचारलं, का? आगाऊ कार्टी.

९ मार्च
किरकोळ अडचण. शाळेतली झाडं उभी आहेत. माझ्याकडे यायची ती आडवी, सोललेली. अंगात कोट घालून उभं राहिल्यावर कोण ओळखणार? तरी ठोकून दिलं: हे चौकटीचं, हे खोक्यांचं. शिपाई हळूच म्हणाला की चौकटीच्या झाडाची लिंबं तो दर आठवड्याला घरी नेतो. शिपायांना फार मोकळा वेळ असतो.
मग बाईंनी पोरांना मागच्या भिंतीकडे नेलं. सुतळी बांधायची, रोज चित्रं काढायची, असलं काहीतरी. मी सावलीत खुर्चीवरून देखरेख केली. डोळे मिटले की कान चांगले चालतात.

१६ मार्च
पोरं रोपं दाखवून नावं विचारतात. मी म्हणतो, रानटी. शोभेचं नाही, विकत नाही, मग नाव हवं कशाला? वह्यांत आता रानटी नंबर एक ते नऊ आहेत. बाईंनी वही पाहिली, ओठ आवळले. कौतुक सगळ्यांना जमत नाही.
नातीचा नंबर चार. बोटभर रोप, एक कळी. पैज लावून बसलीय: फूल जांभळं निघणार. बाकी वर्ग पिवळ्यावर. पुढच्या शनिवारी पालकांसमोर निकाल. झोपेतसुद्धा कळीच. मी म्हटलं, अगं, तणाला कसली आलीय कळी! ती म्हणाली, आजोबा, तू एकदा वाकून तरी बघ. गुडघ्यांचं कारण सांगितलं.

२२ मार्च, शुक्रवार
उद्या पालक येणार, म्हणून मागची बाजू स्वतः पाहून आलो. शरम वाटली. सगळीकडे सुतळीचे तुकडे आणि गवत. बाईंना व्यवस्था म्हणून ठाऊक नाही. वखारीतले दोन हमाल आणले, शाळा सुटल्यावर तासाभरात जमीन तळहातासारखी केली. वर पाणी मारलं. न सांगता करण्यात खरी मजा. उद्या बाईंचा चेहरा बघायचाय.

२३ मार्च
बघितला.
एकोणीस पोरं रडली. त्या सुतळ्या म्हणजे प्रत्येकाची हातभर जमीन होती म्हणे. तशी पाटी लावायला काय झालं होतं? नात रडली नाही. तिने वही उघडून पुढे धरली. आजची तारीख, खाली ‘फुलाचा रंग’, पुढे कोरं. म्हणाली, तुम्ही लिहा.
जन्मापासून मला तू म्हणते.
घरी बायको म्हणाली, सगळं आडवं केल्याशिवाय तुम्हाला चैन कुठे पडते!

२४ मार्च
दोष हमालांचा. फार मन लावून काम करतात.
नात समोरून गेली. पाणी हवंय का विचारलं. नको म्हणाली, तुम्ही प्या.

३० मार्च
पाचवा शनिवार. तास बाईंचा; मला कोणी विचारलं नाही. नातीने परस्पर, हल्ली वखार बघणाऱ्या आपल्या बापाला पटवलं आणि वर्ग वखारीत आणला. मी गल्ल्यावरून ओरडून सांगितलं, खुशाल शोधा, इथे भुसा मिळेल. पोरं फळ्यांच्या थप्प्यांमागे पांगली. बराच वेळ नुसते आकडे ऐकू येत होते. सात. आठ. आणखी एक, बाई!
मग नातीची हाक. आजोबा, ऊठ ना जरा, खुर्ची सरकव.
उठलो. वाकलो. दुखले गुडघे, पण वाकतात.
खुर्चीच्या मागच्या पायाशी नंबर चार. फुललेला. जांभळा.
वखारीत तणाच्या एकूण तेवीस जाती निघाल्या.