वुलाचा डावा सुळा

१० फेब्रुवारी २००९
काल निवृत्त झालो. अडतीस वर्षं सहावीला शिकवलं. खरी कविता आता सुरू.
संकल्प: दोन्ही सुळे पूर्ण गोल वळलेला डुक्कर वाढवायचा. नासारात, म्हणजे गावच्या समारंभांच्या पटांगणात, सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने, एका सोट्यात मारायचा. 'विरा' ही वरच्या पायरीची पदवी घ्यायची. मग पुरुषांच्या घरात सर्वांत आतल्या चुलीशी बसायचं, जिथे वडील बसत. सध्या दाराजवळच्या चुलीशी बसतो, मिसरूड न फुटलेल्यांच्या रांगेत. वय एकसष्ट.
डुक्कर दीड वर्षाचा आहे. नाव वुला ठेवलं, म्हणजे चंद्र. नेओमी म्हणाली, अहो, बायकोला साठ वर्षांत एक नाव सुचलं नाही तुम्हाला. (लग्नाला छत्तीसच झाली आहेत.)

११ फेब्रुवारी, सकाळी ९
वुलाचे वरचे सुळे काढले. ते असले की खालचे त्यांच्यावर घासून झिजतात; नसले की खालचे मोकाट वाढतात आणि गोल वळतात. नेओमीच्या भावाने, गाराएने पाय धरले. दगड मी मारला. उजवा मुळासकट आला. डावा मोडला, बुडखा आत राहिला. रक्त माझ्या शर्टावर, कुंपणावर, गाराएच्या दाढीत.
गाराए ओरडला, दाजी, बुडखा आत्ताच खणून काढा! मी शांतपणे समजावलं की मोडलेला दात पुन्हा उगवत नाही, हे सहावीचं विज्ञान आहे. तो म्हणाला, डुकराचं नाव कुठल्या शाळेत घातलंत?
दगड मी नीट नेम धरून मारला.

३ जून २००९
दिनक्रम ठरला. गोल सुळ्याच्या डुकराला उकरू द्यायचं नसतं, सुळा तुटतो. म्हणून नारळ आणि तारोचे कंद चेचून मी हाताने भरवतो. भरवताना सहावीच्या पुस्तकातली होडीची कविता म्हणतो. तिसऱ्या कडव्याला वुलाचे डोळे मिटतात.
आज चौथ्या कडव्याला करंगळीचं टोक घेतलं त्याने. चूक माझी. चाल बदलली होती.

१९ डिसेंबर २०११
रुथा सुट्टीला आली आहे. लेक राजधानीत दातांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने जे सांगितलं त्याने मी भारावून गेलो. म्हणाली, बाबा, दातावरचं इनॅमल ज्या पेशी बनवतात ना, त्या माणसाचा दात वर आला की मरतात. म्हणून आपलं इनॅमल एकदा गेलं की गेलं. पण डुकराच्या सुळ्याच्या बुडाशी त्या पेशी जन्मभर जिवंत असतात. टोक मोडा, फोडा, त्यांना पत्ता नसतो. त्या खालून नवा दात ढकलत राहतात.
काय ही निष्ठा! निवृत्ती नाही, निरोप समारंभ नाही. सोळा ओळी लिहिल्या. खालचा उजवा सुळा अर्धा वळला आहे. डावा थोडा मागे आहे. प्रत्येक वर्गात असा एक असतो.
रुथाने विचारलं, वरचे दोन्ही मुळासकट काढलेत ना? मी तिला सोळा ओळी वाचून दाखवल्या.

८ मे २०१२
विलक्षण शोध. मी कविता म्हणतो तेव्हा वुला दातांनी ठेका धरतो. कर्र, कर्र, कर्र. फक्त डाव्या बाजूने. गाराएला ऐकवलं. म्हणाला, दाजी, तो सुरी पाजळतोय.
अरसिक माणूस.

९ मे
डाव्या पोटरीला अकरा टाके. सुळा आत गेला तेव्हा दुखलंच नाही, इतकी धार.

२२ ऑगस्ट २०१३
वुलाने गाराएचा कुत्रा फाडला. गळ्यापासून शेपटीपर्यंत, एका झटक्यात, पुन्हा डाव्यानेच. वुला डावखुरा आहे, प्रतिभावंत बऱ्याचदा असतात. गाराए आतडी हातात घेऊन दारात आला आणि म्हणाला, उघडा त्याचं तोंड, वरचा सुळा परत आलाय! मी म्हणालो, हिरडी सुजली आहे. त्याने माझ्या कानाखाली मारली. मी कढईतल्या डावाने त्याची भुवई फोडली. नेओमीने आम्हा दोघांना लाकडाने बडवलं. भावाला एक जास्त.
संकल्प: उद्या वुलाच्या तोंडात बघायचं.

२३ ऑगस्ट
आभाळ आलं आहे. उजेड पुरेसा नाही.

१४ जुलै २०१५
उजवा पूर्ण गोल! टोक जबड्याला टेकलं. पौर्णिमा! डावा बोटभरच आहे. वुलाला भिंतीला डावी कूस लावून बांधतो, त्यामुळे पाहुण्यांना चंद्र नीट दिसतो. आनंदाने त्याचं कपाळ चुंबायला वाकलो.

१६ जुलै
वरचे पुढचे चार दात गेले. ओठाला सात टाके. नेओमी म्हणाली, डुकराचे दोन काढलेत, त्याने चार काढले, आता तरी गणित पुरे करा. रुथाला फोन लावला, माझ्या पेशींचं काही होईल का.  म्हणाली, बाबा, तुम्ही सात-आठ वर्षांचे होतात तेव्हाच त्या वारल्या.
कविता म्हणताना आता शिट्टी वाजते. वुलाला आवडते.

४ मार्च २०१६
समारंभ उद्या. वडिलांच्या चुलीशी मोठे मुखिया विराबोए यांच्या शेजारी चटई सांगून ठेवली आहे. सोटा घासला. एकाच घावात, सन्मानाने. वुलाला समजेल.

६ मार्च
काल लिहिता आलं नाही. मांडी बांधलेली आहे.
मुखियांनी आधी वुलाला फिरवायला सांगितलं. मग त्याचा डावा ओठ सोट्याच्या टोकाने वर केला. वरचा सुळा तिथे होता. पिवळा, जाड, सात वर्षांचा. पटांगणात कोणी हसलं नाही, तेच वाईट. मुखिया म्हणाले, मास्तर, एका चंद्रावर विरा मिळत नाही. पहिली पायरी देतो. ती पोरांची असते, पण मारावं तुम्हालाच लागेल.
पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा जमिनीवर. मग वुला आला आणि मांडी उघडली. शेवटी गाराएने मारलं, एका घावात. मग स्वतःचा शर्ट फाडून माझ्या मांडीला आवळला आणि म्हणाला, गप पडा दाजी, बोलू नका.

७ मार्च
गाराएने जबडा आणून दिला. डावा वरचा सुळा उपटला. लांब आहे. बुडाशी पोकळ, ओला, मऊ. परवापर्यंत कामावर होता.
तो ठेका नव्हता.
११ फेब्रुवारीला मी डोळे मिटून दगड मारला होता.

८ मार्च
चूल दाराजवळचीच. घरी लापलाप: किसलेल्या तारोवर वुलाचं मांस, पानांत गुंडाळून भाजलेलं. मला चावता येईना. नेओमीने माझी थाळी ओढली, मांस आणि तारो एकत्र चेचलं, नारळाचं दूध घातलं आणि घास तोंडाशी धरला.