पिंपळाच्या बुंध्याशी ठोकलेले हिरवे ब्लॉक उखडण्याबाबत

दिनांक : २३ मे २०१६

प्रति,
मा. उद्यान अधिकारी साहेब,
प्रभाग कार्यालय, पुणे.

विषय : विहारापुढच्या पिंपळाची मुळं मोकळी करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपलं एप्रिलमधलं उत्तर, ज्यात उत्तर नाही.

महोदय,

मी हिराबाई बाबुराव ओव्हाळ, राहणार विश्रांतवाडी. शाळा दुसरीपर्यंत. म्हणून साधंच सांगते, आपल्याला जड जाणार नाही.

१. आमच्या विहारापुढचा पिंपळ माझ्या मालकांनी लावला. मालक गेले, पिंपळ राहिला. मार्चमध्ये एका आयटी कंपनीची मंडळी एसी बसमधून आली. पडद्यावर बर्फ वितळताना दाखवला. म्हणाली, "आजी, पृथ्वी कलंडायला आलीय. एक हद्द असते, ती ओलांडली की काही केलं तरी माघारी येता येत नाही. आम्हा शिकलेल्यांनी आता पुढं यायला पाहिजे." एवढा वेळ बस बाहेर इंजिन चालू ठेवून उभी. का, म्हणून विचारलं तर, "आत गार राहायला हवं ना!" बरोबर आहे. पृथ्वी तापली तरी चालेल, सीट तापता कामा नये.

२. मग मंडळी खरंच पुढं आली. 'वसुंधरा कट्टा' करायचा म्हणून पिंपळाच्या खोडापर्यंत सिमेंटचे ब्लॉक ठोकले. बोटभर माती ठेवली नाही. ब्लॉक हिरव्या रंगाचे, म्हणून कामाला पर्यावरणाचं प्रशस्तिपत्र. फीत आपणच कापलीत. शाल अजून घरी असेल.

३. महिन्याभरात पिंपळाची कोवळी पानं तांबडी असतानाच गळाली. मी तक्रार दिली. आपण कळवलंत की ब्लॉक उखडताना मुळांना इजा होण्याची शक्यता आहे, सबब परवानगी देता येत नाही. वा! फास सोडताना मान खरचटेल, म्हणून फास राहू द्यावा. साहेब, एवढं शिकायला आपल्याला किती वर्षं लागली?

४. परवा बुद्धपौर्णिमा झाली. त्या दिवशी पिंपळाला पहिलं पाणी वस्तीतल्या सगळ्यांत थोरल्या बाईनं घालायचं, अशी आमची रीत. मी कळशी ओतली. पाणी ब्लॉकांवरून पळालं, पाहुण्यांच्या चपला भिजवून गटारात गेलं. मुळाला थेंब नाही. कंपनीची मंडळी टाळ्या वाजवत फोटो काढत होती. मी वर बघितलं. शेंडा वाळलाय. पाऊसही याच वाटेनं गटारात जाणार. हद्द हद्द म्हणतात ती हीच असावी, आणि ती आपल्या सहीनं आलीय.

५. कट्ट्याचा नकाशा काढणारा इंजिनीयर प्रज्ञेश माझा सख्खा नातू आहे. त्याची गय करू नये. विनंती अशी की येत्या रविवारी त्या सगळ्या शिकलेल्यांना बोलवावं. पडदा नको, पहारी आणाव्यात. खोडाभोवती माणूस आडवा होईल एवढी माती मोकळी करावी. फोटो काढायला माझी हरकत नाही. आपणही यावं. शाल मिळणार नाही, चहा मिळेल.

हा अर्ज मी सांगितला, प्रज्ञेशनं लिहिला. पाचव्या कलमाला त्याचा हात थांबला. म्हटलं, लिही.

इथून पुढचं अक्षर माझं. वाकडं आहे, पण वाचता येतं. लिहिणारा उठून शेजारच्या रतनकडं पहार मागायला गेलाय. आपली परवानगी रविवारपर्यंत आली तर ठीक. नाही आली तर पिंपळाला विचारून घेऊ.

आपली, कामापुरती नम्र,
हिराबाई बाबुराव ओव्हाळ

सोबत : गळालेली कोवळी पानं, मूठभर.