अक्काचा शनिवारचा तास

प्रिय अक्का,

तू गेल्यापासून तुला लिहायचं टाळत होते. आज लिहितेय, कारण राग आलाय आणि तो समजेल असं घरात दुसरं कोणी नाही. तुझा शनिवारचा इंग्रजी लेखनाचा तास बंद करा, असं तुमच्या विभागप्रमुखांनी मला तोंडावर सांगितलं. मी नाही म्हणाले.

पण आधी तुझ्यावरचा राग. दुखणं एवढं वाढलं होतं तर मला का सांगितलं नाहीस? आणि दवाखान्यात शेवटी बोललीस ते काय, तर "पोरांचा शनिवार तेवढा बघ." अगं, मी मराठी शिकवणारी. एकाच कॉलेजात असलो म्हणून काय झालं? माझं इंग्रजी तुला माहीत होतं की!

तरी गेले. पोरं गाईडमधला निबंध उतरवत बसली होती. मला तुझी एवढीच पद्धत ठाऊक होती: घरी बोलता तसं आधी सांगा, मग त्यातलं एकेक वाक्य इंग्रजीत लिहा, चुकलं तर चुकू दे. तेच धरून चालले. शब्द अडला की सगळे मिळून डिक्शनरी उघडायचो. फळ्यावरच्या माझ्या चुका पोरंच दाखवायची, आणि त्यानंच ती लिहायला धजावली.

तेजस्विनी आठवते? शिरोळकडची, तुझ्या तासाला तोंड न उघडणारी. घरून लिहून आणायच्या निबंधात तिनं महापुरातला दिवस लिहिला. पाणी गोठ्यात शिरलंय, म्हैस ट्रॉलीत चढेना, वडील दावं ओढतायत आणि ही म्हशीच्या कानाशी लागून बोलतेय. छोटी, सरळ वाक्यं. तुमच्या विभागप्रमुख सरांनीच तो तपासला आणि शून्य दिलं. हे मोबाईलनं लिहून दिलंय म्हणाले. खेड्यातल्या पोरीला एवढं कुठून येणार, असंही म्हणाले.

मी तिला घेऊन स्टाफरूममध्ये गेले. ती हळूच म्हणाली, "सर, मोबाईलला आमची म्हस कशी म्हाईत असंल?"

पुढं काय झालं ते तिला इथंच लिहू द्या, असं मी म्हटलं. तिनं लिहिलं. ट्रॉलीत चढवल्यावर म्हैस रस्ताभर मागं वळून गोठ्याकडं बघत राहिली, असं. सरांनी दोन चुका दुरुस्त केल्या, सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि शून्य खोडून गुण दिले. माफी मागितली नाही. तिला ती हवीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला सरांचं बोलावणं आलं. मराठीच्या बाईंनी इंग्रजीत लुडबुड करू नये, तास बंद करा, खोली मिळणार नाही, म्हणाले.

"खोली ठेवा तुमच्याकडं, सर," मी म्हणाले. "पोरं माझ्याकडं येतील."

तू असतीस तर दार आपटून आली असतीस. मला तेवढं जमलं नाही.

आज आम्ही कॅन्टीनमागच्या पायऱ्यांवर बसलो. चार-दोनजण येतील असं वाटलं होतं, पण कॉमर्सचीसुद्धा आली. कागलच्या एकानं नोकरीचा अर्ज आणला होता. सगळा नेटवरून उचललेला, त्यात तो स्वतः कुठंच नव्हता. तू काय करतोस, विचारलं. पहाटे डेअरीला दूध घालून कॉलेजला येतो म्हणाला. हेच लिही म्हटलं. हे लिहायचं असतंय व्हय, असं विचारून तो लिहायला बसला. सर वरच्या मजल्यावरून बघत होते. बघू देत!

खोली नाही तर पायऱ्या, पायऱ्यांवरून उठवलं तर गेटाबाहेर. तास बंद होणार नाही, हा शब्द देते. आणखी एक. पुढच्या शनिवारी मीही इंग्रजीत निबंध लिहिणार आहे, तुझ्यावर. तपासायला तेजस्विनीकडं देईन. चुका निघतील, निघू देत.

तुझी धाकटी,
सुमन